संगणकालाही चाचणी प्लॉट लागतो



गेल्या हंगामात पंधरवड्याचे ऊसबिल दोनदा लांबले. त्या दिवसांत गट ऑफिसांमध्ये आम्हाला जे ऐकून घ्यावे लागले ते या पत्रिकेत छापण्यासारखे नाही, आणि ज्यांनी ते ऐकवले त्यांची चूकही नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर शेकडा 15 दराने व्याज द्यावे लागते. तो सभासदाचा हक्क आहे. पण उशीर का झाला म्हणून विचारायला गेले की गंमत सुरू होते. सभासद चिटबॉयला धरतो, चिटबॉय आमच्याकडे बोट दाखवतो, आम्ही हिशोब खात्याकडे, हिशोब खाते संगणक खोलीकडे. संगणक खोलीचे उत्तर ठरलेले : "मशीन जुने झाले, नवीन घ्यावे लागेल." हा नवीन मशीनचा विषय आता वार्षिक सभेपुढे येणार आहे. त्याआधी आमचे मत सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

उसाच्या माणसांनी संगणकावर लिहावे काय, असे कुणी म्हणेल. आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. बेणे, लागण, खत, पाणी आणि तोडणी यापलीकडे आमची पोच नाही हे आम्ही आधीच कबूल करतो. पण गेल्या वर्षभरात या भानगडीत पडल्यावर आमच्या ध्यानात आले, की संगणकातले हे प्रकरण आमच्याच धंद्यातले आहे. आपण पाडेगावला जे करतो तेच ही मंडळी मशीनच्या पोटात करतात. त्याला ते 'ऑटो-ट्यूनिंग' म्हणतात. प्रोग्रामने स्वतःच स्वतःच्या चाचण्या घ्यायच्या आणि ज्या मशीनवर चालायचे त्या मशीनला बेतून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ.

ट्यूनिंग हा शब्द आपल्या भागाला परका नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काढणे म्हणजे ट्यूनिंगच. लाकूड तेच, भोपळा तोच, तारा त्याच; पण घोडीवर दोन-चार घास इकडेतिकडे झाले की वाद्य बोलते किंवा मुके होते. आणि पावसाळी हवेत लावलेला सूर उन्हाळ्यात राहत नाही, तो पुन्हा लावावा लागतो. संगणकाचेही तसेच आहे.

आता मूळ मुद्दा. मशीनची ताकद एक आणि प्रत्यक्षात पदरात पडते ती वेगळी. आपण उसाच्या बाबतीत हे रोज बघतो. उसात साखर किती होती आणि पोत्यात किती आली यातला फरक सगळ्यांना ठाऊक आहे. चोथ्यात जाते, मळीत जाते, तोडून बांधावर पडलेल्या उसात जाते. संगणकालाही असा उतारा असतो. पुण्यात टाटांच्या कंपनीने 'एका' नावाचा महासंगणक उभारला होता. नोव्हेंबर 2007 मध्ये तो जगाच्या यादीत चौथा आला. ही यादी एका ठरावीक परीक्षेवर लावतात. प्रचंड मोठी एकसामायिक समीकरणे सोडवायला देतात आणि वेग मोजतात. 'एका'ची कागदावरची ताकद 170 टेराफ्लॉपच्या आसपास होती. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर बारा शून्ये एवढी गणिते. परीक्षेत पदरात पडले ते 117.9. पुढे जून 2008 च्या यादीत त्याच यंत्राचा आकडा 132.8 झाला. प्रोसेसर जवळजवळ तेवढेच होते. मिल तीच, ऊसही तेवढाच, आणि उतारा वाढला. आपल्याकडे असे झाले असते तर चीफ केमिस्टचा सत्कार झाला असता.

आणि ही झाली परीक्षेची गोष्ट, म्हणजे निवडक, सोललेला ऊस. रोजच्या कामाचे प्रोग्राम घेतले, विशेषतः हवामानाचे, तर मशीनच्या कागदी ताकदीतले शंभरातले दहाही पुष्कळदा पदरात पडत नाहीत.

असे का होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे आपली मिल. ती भलतीच वेगात फिरते. पण तिला लागणारी माहिती दूर ठेवलेली असते. प्रोसेसरच्या अगदी जवळ एक छोटी जागा असते, तिला कॅश म्हणतात. ती आपली गव्हाण समजा. तिथला माल हाताशी असतो, पण जागा इवलीशी, काही किलोबाइटांची. त्यापुढे मुख्य मेमरी, म्हणजे केनयार्ड. तिथून माल आणायला गव्हाणीच्या मानाने शंभरेक पट वेळ लागू शकतो. आणि त्यापुढे डिस्क, म्हणजे सभासदाचे रान. आता गव्हाणीत एका वेळी किती ऊस टाकायचा? कमी टाकला तर मिल रिकामी फिरते. जास्त टाकला तर गव्हाण तुंबते, आणि तुंबलेला ऊस बाजूला काढून परत टाकण्यात वेळ जातो. संगणकात नेमके हेच होते. एका वेळी माहितीचा केवढा ठोकळा घ्यायचा यावर त्याच मशीनवर त्याच गणिताचा वेग कित्येक पटींनी बदलतो.

दुसरी गोष्ट टोळ्यांची. आता एका संगणकात आठ-सोळा, महासंगणकात हजारो प्रोसेसर असतात. आपले लोक म्हणतात, माणसे वाढवा, काम लवकर होईल. पण दहा गुंठ्यांच्या फडात चाळीस कोयते घातले तर काय होते ते मुकादमाला विचारा. एकमेकांच्या पायात येतात, मोळ्या कुणाच्या कुठे जातात, आणि सांजच्याला हिशोब करताना भांडणे होतात. पुण्याच्या 'सी-डॅक'ने 1991 मध्ये 'परम 8000' हा भारताचा पहिला महासंगणक तयार केला, तेव्हाही हाच धडा होता. एका कोयत्याला सांगितलेले काम चौसष्ट कोयत्यांना जसेच्या तसे सांगून चालत नाही. त्याच्या सऱ्या पाडाव्या लागतात. किती सऱ्या, केवढ्या सऱ्या, हे प्रत्येक रानावर निराळे.

बरे, हे ठरवायचे कुणी? पूर्वी जाणकार माणूस बसून ठरवी. त्याला त्या प्रोसेसरची खडान्‌खडा माहिती असे, आणि तो महिना-महिना खपून एका मशीनसाठी प्रोग्राम बेतून देई. तोवर बाजारात नवे मशीन येई आणि सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा नव्वदीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांतल्या मंडळींनी वेगळी वाट धरली. टेनेसी विद्यापीठात व्हेली आणि डोंगारा यांनी 'अ‍ॅटलास' नावाचा गणिताचा प्रोग्राम केला. तो नव्या मशीनवर बसवताना लगेच कामाला लागत नाही. आधी तासन्‌तास चाचण्या घेत बसतो. ठोकळा एवढा घेतला तर किती वेळ, तेवढा घेतला तर किती, फेरा असा उलगडला तर किती. घड्याळ लावून मोजतो, आणि जे वाण त्या रानात उतरले तेच ठेवतो. त्याच सुमारास एमआयटीमध्ये फ्रिगो आणि जॉन्सन यांनी लहरींचे गणित करणारा 'एफएफटीडब्ल्यू' हा प्रोग्राम केला. तोही आधी मोजून बघतो आणि शिकलेले एका फायलीत लिहून ठेवतो. त्या फायलीला त्यांनी नाव दिले आहे 'विज्डम', म्हणजे शहाणपण. आणि सोबत ताकीद दिली आहे, की एका मशीनचे शहाणपण वेगळ्या जातीच्या मशीनवर वापरू नका. हे वाचल्यावर आम्हाला मनापासून हसू आले. कारण कृष्णाकाठच्या काळ्या रानातला एकरी उतारा ऐकून तोच खताचा डोस मुरमाड माळावर टाकणारे सभासद आम्ही गेली कित्येक वर्षे समजावतो आहोत.

आडसालीला हेक्टरी 400 किलो नत्र, 170 स्फुरद, 170 पालाश ही शिफारस आहे. ती चुकीची नाही. पण ती शिफारस आहे, तुमच्या रानाचे माती परीक्षण नव्हे. प्रोग्राम तयार करणाऱ्याने घालून दिलेल्या मूळ सेटिंगचे तसेच असते.

चाचण्या घ्यायच्या म्हटले तरी सगळ्या घेता येत नाहीत. समजा प्रोग्रामला फिरवण्याजोगी दहा बटणे आहेत आणि प्रत्येकाच्या दहा जागा. एकूण जोडण्या होतात एक हजार कोटी. एक चाचणी एक मिनिटाची धरली तरी एकोणीस हजार वर्षे लागतील. तेवढे हंगाम आपल्यापाशी नाहीत. तेव्हा काही युक्ती हवी. इथे पुन्हा उसाचीच वाट. कोइमतूरला संकर होतात; त्यातून आलेली रोपे आपल्या पाडेगावला लावून बघतात; पुष्कळ टाकून देतात, थोडी ठेवतात; ठेवलेल्यांचा पुढे आणखी संकर होतो. फुले 265 चे खरे नाव 'को एम 0265' आहे. त्यातला 'को' कोइमतूरचा आणि 'एम' महाराष्ट्राचा. संगणकवाल्यांनीही हीच रीत उचलली आहे आणि तिला 'जेनेटिक' हेच नाव दिले आहे. चांगल्या दोन जोडण्या घ्यायच्या, त्यांची बटणे अर्धी-अर्धी मिसळायची, एखादे बटण उगीच फिरवून बघायचे, आणि जी प्रजा निपजेल तिची पुन्हा चाचणी. आणखीही रीती आहेत, त्यांत आम्हाला फारसे समजत नाही.

या साऱ्याचा सभासदाला काय उपयोग, असे विचाराल तर आधी आभाळाकडे बघा. पुण्याला पाषाण रस्त्यावर उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथे 2018 साली 'प्रत्युष' महासंगणक आला आणि सप्टेंबर 2024 मध्ये 'अर्क' आला, 11.77 पेटाफ्लॉपचा. पेटाफ्लॉप म्हणजे टेराफ्लॉपच्या हजारपट. त्याच्या जोरावर 26 मे 2025 रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. तिच्यात हवामानाचा चौकोन 6 किलोमीटरचा आहे; आधी 12 किलोमीटरचा होता. ऐकायला निम्मा वाटतो. पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि गणिताची पावलेही निम्म्या वेळेची टाकावी लागतात. म्हणजे काम जवळजवळ आठपट. आपल्या भागाला हा चौकोन लहान होणे किती महत्त्वाचे आहे ते वेगळे सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. सांगलीत शिराळा आणि जत एका मापात बसत नाहीत. मोठ्या चौकोनात डोंगर आणि दुष्काळ एकाच पोत्यात भरले जातात. परतीचा पाऊस कुठल्या गटात पडणार हे दोन दिवस आधी नीट कळले, तर टोळ्या कुठे उतरवायच्या आणि कुठली वाट चिखलाने बंद होणार हे आम्हाला ठरवता येईल. आणि उद्याचा अंदाज परवा तयार होऊन चालत नाही. म्हणून तिथे नुसते मोठे मशीन आणून भागत नाही. प्रोग्रामही त्या मशीनला बेतावाच लागतो.

आता घरची गोष्ट.

आपला बिलाचा प्रोग्राम बाहेरच्या एका पार्टीने बसवून दिला, पैसे घेतले, आणि नंतर फोन उचलणे कमी केले. रात्री नऊला लावलेले पंधरवड्याचे बिल सकाळी सहापर्यंत चाले, आणि मध्येच एखाद्या गटाची चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या दिवाळीत आपल्याच एका सभासदांचा मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला आहे, सुट्टीला गावी आला होता. त्याला सहज मशीन दाखवले. त्याने अर्धा तास बघितले आणि म्हणाला, "काका, मशीनला काही झालेले नाही. 32 जीबी मेमरी आहे, आणि माहितीसाठ्याच्या प्रोग्रामने स्वतःसाठी 128 एमबी धरलेत."

आम्ही हिशोब केला. दोनशे छप्पन्नावा हिस्सा. म्हणजे दोनशे छप्पन्न खणांचे गोदाम बांधायचे आणि माल एकाच खणात कोंबायचा! हा आकडा प्रोग्राम तयार करणाऱ्यांनी मुद्दाम लहान ठेवलेला असतो, की कुठल्याही बारक्या मशीनवर तो चालू व्हावा. बसवणाऱ्याने तो वाढवायचा असतो. आमच्याकडे बसवणाऱ्याने तो तसाच सोडला, आणि आम्हीही कधी विचारले नाही. विचारायला कळायला तरी हवे होते.

त्या मुलाने आधी एक साधे काम केले. सभासद क्रमांकावर सूची नव्हती ती लावली. सूची म्हणजे वहीच्या कडेला अक्षरे लावतात तसली. एवढ्यानेच नऊ तासांचे चार झाले. हे आम्ही प्रामाणिकपणे लिहितो, कारण पुढच्या स्वयंचलित ट्यूनिंगचे कौतुक करताना हा साधा भाग विसरला जातो. बांध फुटलेला असताना ठिबकची चर्चा करण्यात अर्थ नाही. नंतर त्याने आदल्या हंगामाच्या माहितीची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि ट्यूनिंगचा एक छोटा प्रोग्राम तीन रात्री त्यावर सोडून दिला. तो बटणे फिरवी, तेच बिल पुन्हा काढी, वेळ मोजी, पुन्हा फिरवी. तिसऱ्या सकाळी बिलाला पन्नास मिनिटे लागली. मशीन तेच. संगणक खोलीत पेढे वाटले गेले, आणि आम्हीही खाल्ले.

पेढे लवकर खाल्ले म्हणायचे. जानेवारीतल्या एका रात्री, बिल चालू असताना, काट्यावरून फोन आला. गाडी काट्यावर चढत होती, वजन दिसत होते, पण चिठ्ठी निघायला दीड-दीड मिनिट लागत होते. आम्ही पोचलो तेव्हा बैलगाड्यांची रांग गेटच्या बाहेर रस्त्याला लागली होती. थंडी मी म्हणत होती. एक म्हातारे गाडीवान जोखडावर हात ठेवून उभे होते, ते म्हणाले, "सायेब, बैलास्नी जू घेऊन किती येळ हुबं करायचं? आमचं राहू द्या, त्यांचं तरी बघा." आमच्यापाशी उत्तर नव्हते. "मामा, बघतो," एवढेच म्हणालो.

झाले होते असे. ट्यूनिंगच्या प्रोग्रामला आम्ही एकच गोष्ट सांगितली होती : बिल लवकरात लवकर निघाले पाहिजे. त्याने इमानाने तेच केले. मशीनची सगळी ताकद बिलाच्या दावणीला बांधली. काट्याची चिठ्ठीही त्याच मशीनवरून निघते हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही घेतलेल्या चाचणीत काटा नव्हताच. नक्कल केलेल्या माहितीवर रात्री निवांत बिल काढले, तिथे गाड्या कुठून येणार? आमच्यासारख्या चाचणी प्लॉटवर जन्म काढलेल्या माणसांच्या हे ध्यानात येऊ नये, याची आम्हाला अजून लाज वाटते. प्लॉटवर पाणी भरपूर देऊन वाण निवडायचे आणि कोरडवाहू रानात द्यायचे, असला हा प्रकार झाला. दोष मशीनचा नाही, त्या मुलाचाही नाही. काय मोजायचे ते आम्ही सांगितले होते आणि ते अपुरे सांगितले होते.

त्या रात्री बिल थांबवले आणि काटा मोकळा केला. पुढच्या आठवड्यात मुलाला फोनवर सगळे सांगितले. या खेपेला चाचणीत काट्याची बनावट रहदारी घातली, हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या रात्रीइतकी, आणि अट घातली, की एकही चिठ्ठी पाच सेकंदांवर जाता कामा नये. सरासरी नव्हे, एकही. सरासरी फसवी असते. नव्याण्णव गाड्या पटकन गेल्या आणि एक तिष्ठत उभी राहिली तरी सरासरी सुरेखच दिसते, पण त्या एका गाडीचे बैल सरासरीत उभे नसतात. नवी जोडणी निघाली. बिलाला आता एक तास वीस मिनिटे लागतात. तीस मिनिटे जास्त. ती आम्ही आनंदाने मोजली.

आणखी एक बाब हिशोब खात्याने पुढे आणली, आणि तिथे आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. वेगासाठी काही प्रोग्राम बेरजेचा क्रम बदलतात. क्रमाने काय होते? कागदावर काही नाही. पण संगणक ठरावीक आकडेच लक्षात ठेवतो. समजा एखादा चारच आकडे ठेवतो. हजारात 0.4 मिळवले तर तो हजारच म्हणणार. असे तीनदा केले तरी हजारच. पण आधी 0.4 तीनदा मिळवून 1.2 केले आणि मग हजारात घातले तर 1001. एवढ्याशा फरकाने हवामानाच्या गणितात काय होते ते 1961 साली अमेरिकेत लॉरेन्झ यांनी बघितले आहे, 0.506127 च्या जागी 0.506 घातले आणि पुढचे सगळे हवामानच निराळे निघाले. आपल्या बिलात एवढा हाहाकार होणार नाही. पण सभासदाच्या बिलात एक पैसा जरी इकडचा तिकडे झाला, आणि कारण विचारल्यावर "संगणकाने केले" असे उत्तर मिळाले, तर आजवर मिळवलेला विश्वास जाईल. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे : बिलाची रक्कम पूर्ण पैशांतच मोजली जावी, अपूर्णांक कुठे कसा सोडायचा हे लिहून ठरलेले असावे, आणि ट्यूनिंगच्या प्रोग्रामला त्या बटणाला हात लावू देऊ नये. प्रत्येक नव्या जोडणीने आदल्या हंगामाचे एक पूर्ण पंधरवडा बिल पुन्हा काढून दाखवावे. पैशाला पैसा जुळला तरच ती चालू करावी.

तेव्हा नवीन मशीनचे काय? आमचा त्याला कायमचा विरोध नाही. गाळप क्षमता वाढली, गट वाढले, तर लागेलही. पण आज आहे त्या मशीनची आम्ही अर्धीही परीक्षा घेतलेली नव्हती, आणि नवीन मशीनवर तोच प्रोग्राम त्याच 128 एमबीच्या कोनाड्यात बसवला असता तर थोडा फरक पडला असता, आणि दोन वर्षांनी पुन्हा हीच रड. नवे मशीन घ्यायचेच ठरले तर खरेदीच्या अटीत एक ओळ घालावी : पुरवठादाराने आपल्या मागच्या हंगामाच्या माहितीवर, आपल्या काट्याच्या गर्दीसह, आपल्यासमोर चाचणी द्यावी, आणि वापरलेली सगळी सेटिंग लिहून द्यावी. दुसऱ्या कारखान्यात काय वेग मिळाला याचे छापील कागद आम्हाला नकोत.

काही पार्ट्या आता 'आमची बाहेरची सेवा घ्या, तुमचे मशीन आम्ही आपोआप ट्यून करत राहू' असेही सांगत येतात. कल्पना वाईट नाही. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी 'ऑटरट्यून' नावाने 2017 मध्ये असे संशोधन मांडले होते; आधी ट्यून केलेल्या माहितीसाठ्यांवरून नव्याचे शिकायचे, अशी चांगली युक्ती होती. पुढे तिची कंपनी झाली आणि 2024 मध्ये ती बंदही पडली. विद्या राहिली, दुकान गेले. आपल्या काट्याचा वेग अशा कुणाच्या दुकानावर अवलंबून ठेवू नये. सेटिंगची वही आपल्या कपाटात आपल्या अक्षरात हवी, आणि दर हंगामाआधी ती पुन्हा तपासली जावी. हार्वेस्टर वाढले की गाड्या कमी आणि लोड मोठे येतात, बैलगाड्या वाढल्या की उलट; मागच्या वर्षीची जोडणी यंदा बसेलच असे नाही.

राहता राहिले काय मोजायचे ते. हे काम संगणक खोलीचे नाही, आमचेही एकट्याचे नाही. बिलाला एक तास चालेल की दोन, काट्यावर गाडी किती वेळ उभी राहिलेली चालेल, नोंदीची दुरुस्ती त्याच दिवशी दिसली पाहिजे की दुसऱ्या, हे ज्याचा ऊस आणि ज्याचे बैल त्याने सांगायचे. सांगितले नाही तर मशीन आपल्याला सोयीचे ते माप धरील आणि ते फार उत्तम रीतीने पार पाडील, हे आम्ही जानेवारीत पाहिले आहे.

यासाठी एक विनंती. काट्याच्या चिठ्ठीवर वजनाची वेळ छापलेली असते, पण गाडी गेटावर कधी आली ती वेळ कुठेच नसते. ज्या सभासदांनी, वाहनमालकांनी आणि गाडीवानांनी गेल्या हंगामात रात्रीच्या रांगेत जास्त वेळ काढला असेल, त्यांनी तारीख आणि अंदाजे वेळ आपापल्या गट ऑफिसात लिहून द्यावी. चिठ्ठी सापडली तर सोबत आणावी, नाही सापडली तरी चालेल. बॉयलर पेटायच्या आधी त्या रात्री आम्ही चाचणीत घालणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी